ऱ्हाइनपलीकडच्या वर्गात: युकोरमधून शेजारच्या देशात शिकायचं कसं

कार्ल्सरूहला किंवा फ्रायबुर्गला मास्टर्सला आलेल्या मराठी मुलामुलींना पहिल्या पंधरवड्यात बरंच काही कळतं. भारतीय किराणा कुठे मिळतो, घराच्या पत्त्याची नोंदणी कशी उरकायची, कुठल्या मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, वगैरे. एक गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. जर्मनीत भरलेल्या फीमध्येच फ्रान्समधल्या दोन आणि स्वित्झर्लंडमधल्या एका विद्यापीठात जाऊन विषय घेता येतात, परीक्षा देता येते आणि मिळालेले क्रेडिट आपल्या पदवीत धरून घेता येतात. या व्यवस्थेचं नाव युकोर.

ऱ्हाइनच्या वरच्या खोऱ्यातल्या पाच विद्यापीठांची ही युती आहे: जर्मनीतलं फ्रायबुर्ग आणि कार्ल्सरूहची तंत्रज्ञान संस्था म्हणजे केआयटी, फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग आणि म्युलूझ-कोलमारचं ओत-अल्झास, आणि स्वित्झर्लंडमधलं बासेल. करार १९८९चा. २०१५ मध्ये पाचही विद्यापीठांनी मिळून युरोपीय कायद्याखाली एक स्वतंत्र संस्थाच नोंदवली. तिचं कार्यालय फ्रायबुर्गमध्ये आहे. पाचांचे मिळून सुमारे १,२०,००० विद्यार्थी आहेत आणि त्यांच्यापैकी कुणीही नियमित प्रवेश घेतलेला विद्यार्थी उरलेल्या चारांत जाऊन शिकू शकतो.

इरास्मसशी, म्हणजे युरोपीय संघाच्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेशी, याची गल्लत करू नका. इरास्मसमध्ये निवड होते, सहसा पूर्ण सेमिस्टर परदेशी राहावं लागतं आणि शिष्यवृत्ती मिळते. युकोरमध्ये एखादाच विषय घेता येतो, आठवड्यातून एक दिवस गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. शिवाय २०१४ सालच्या स्थलांतराच्या सार्वमतानंतर स्वित्झर्लंड इरास्मसच्या बाहेर पडला आणि त्याने स्वतःच्या पैशाने वेगळी योजना सुरू केली. युकोरमधल्या बासेलला त्याचा काही धक्का लागला नाही, कारण हा करार विद्यापीठांचा आपापसातला आहे.

फीचंही सांगून टाकतो. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात २०१७-१८च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. ते तुम्ही भरलेलेच असतात. युकोरमधून विषय घेताना पलीकडचं विद्यापीठ वेगळी शिक्षण फी घेत नाही. पैसे तुम्ही मोजलेत, मग त्यातलं जेवढं वसूल करता येईल तेवढं करावं, असा माझा साधा व्यापारी सल्ला.

आधी घरच्या विद्यापीठात

नवखी मुलं उलट्या टोकाने सुरुवात करतात. स्ट्रासबुर्गच्या वेबसाइटवर एखादा सुंदर विषय दिसतो, तिथल्या प्राध्यापकांना मेल जातो, होकारही येतो आणि मुलगा खूश. सहा महिन्यांनी कळतं की तो विषय इथे पदवीत धरलाच जात नाही. पलीकडे बसू देणं सोपं असतं. खरा निर्णय तुमच्या स्वतःच्या विभागात होतो, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

आपल्या अभ्यासक्रमाचं मॉड्यूल हँडबुक, म्हणजे सगळ्या विषयांची माहितीपुस्तिका, उघडा. त्यात ऐच्छिक विषयांचा कप्पा कुठला आणि त्यात किती क्रेडिट रिकामे आहेत ते बघा. सक्तीच्या विषयाच्या जागी बाहेरचा विषय बसवणं कठीण, ऐच्छिकात बसवणं सोपं. मग पलीकडच्या विषयाचं वर्णन मिळवा: काय शिकवतात, किती तास, परीक्षा कशी, किती ईसीटीएस (युरोपभर चालणारे क्रेडिट). हे घेऊन अभ्यासक्रमाच्या समन्वयकांना किंवा परीक्षा मंडळाच्या प्रमुखांना लिहा. मेल छोटा ठेवा. मी अमुक अभ्यासक्रमाच्या अमुक सेमिस्टरला आहे, युकोरमधून अमुक विद्यापीठातला अमुक विषय घ्यायचा आहे, वर्णन सोबत जोडलं आहे, तो ऐच्छिक कप्प्यात इतक्या क्रेडिटना धरला जाईल का आणि गुण कसे बदलले जातील. प्रश्न दोनच आणि दोन्हीचं उत्तर लेखी हवं. जिन्यात भेटल्यावर प्रोफेसर ‘हो, हो, चालेल’ म्हणाले, हे उत्तर नव्हे. ते पुढच्या वर्षी दुसरीकडे गेले की तुमच्या हातात काही उरत नाही.

नकार आला तर लगेच माघार घेऊ नका. १९९७च्या लिस्बन करारानुसार दोन विषयांत ठळक फरक असेल तरच मान्यता नाकारता येते, आणि तो फरक दाखवण्याची जबाबदारी विद्यापीठाची असते. ‘आमच्याकडे असा विषय नाही’ हे ऐच्छिक विषयाच्या बाबतीत पुरेसं कारण ठरत नाही. हे नम्रपणे विचारता येतं. भांडायची गरज सहसा पडत नाही.

क्रेडिटचा एक बारकावा आहे. पूर्ण वर्षाला ६० ईसीटीएस हे तिन्ही देशांत सारखं, पण तुकडे वेगळे. फ्रान्समध्ये तीन क्रेडिटचे छोटे विषय बरेच भेटतात, तर जर्मन मॉड्यूल सहाचं किंवा नवाचं असतं. तीन क्रेडिट आणून सहाचा कप्पा भरत नाही. दोन छोटे विषय एकत्र धरले जातील का, हे त्याच पहिल्या मेलमध्ये विचारून घ्या.

गुणांचं गणित करून बघा

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण सीजीपीए जपणाऱ्यांनी इथे थांबावं. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० काठावर पास. स्वित्झर्लंडमध्ये उलटं: ६ सर्वोत्तम, ४ पास. फ्रान्समध्ये २० पैकी गुण आणि १० ला पास. मात्र तिथे २० कुणाला मिळत नाहीत. १२ ला बरा, १४ ला चांगला, १६ ला उत्कृष्ट असा शेरा असतो. आपल्याकडच्या नजरेने १४ म्हणजे सत्तर टक्के, ठीकठाक. फ्रेंच वर्गात तो मुलगा पहिल्या काही जणांत असतो.

आता हे जर्मन गुणांत बदला. प्रवेशाच्या वेळी तुमचा सीजीपीए ज्या बव्हेरियन सूत्रातून गेला, तेच सूत्र इथेही पुष्कळ ठिकाणी वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि पास यांच्यातल्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं, एक मिळवायचा. कमाल २० धरले तर फ्रान्समधल्या १४ चे होतात २.८. कमाल १६ धरले, म्हणजे प्रत्यक्षात जिथपर्यंत मुलं पोचतात तो आकडा, तर त्याच १४ चे होतात २.०. एकच उत्तरपत्रिका, आणि निकालात एवढी तफावत. बासेलमधल्या ५ चे याच सूत्राने २.५ होतात. म्हणून कमाल किती धरणार, की विभागाचा स्वतःचा तक्ता आहे, हे आधी विचारायचं. तक्ता तुमच्या विरोधात जात असेल तर तो विषय केवळ उत्तीर्ण अशा नोंदीने, गुण न धरता घेता येईल का तेही विचारा. काही विभाग मान्य करतात.

वेळापत्रक समोरासमोर ठेवा

युकोरचे बहुतेक बेत इथे फसतात. तिन्ही देशांची सेमिस्टर एकाच वेळी सुरू होत नाहीत.

जर्मनीत हिवाळ्याचे तास ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आणि उन्हाळ्याचे एप्रिलच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत. फ्रान्समध्ये पहिलं सत्र सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतं आणि दुसरं जानेवारीत सुरू होऊन मे महिन्याच्या सुमारास आटोपतं. बासेल मधल्यामध्ये: शरद ऋतूचं सत्र सप्टेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंत, वसंताचं फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मेअखेरपर्यंत.

याचा अर्थ असा की ऑक्टोबरमध्ये जर्मनीत उतरून नाव नोंदवणाऱ्याला त्याच वर्षी स्ट्रासबुर्गचं पहिलं सत्र पकडता येत नाही. तिथे तोवर दीड महिना शिकवून झालेला असतो. तुमचं अधिकृत सेमिस्टरच १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्यामुळे सप्टेंबरमध्ये दाखवायला नोंदणीचा दाखलाही नसतो. पहिलं सेमिस्टर सोडून द्या. तसंही त्या काळात बँक, विमा, घर आणि थंडी यांतून डोकं वर निघत नाही.

बासेलचं वसंत सत्र मात्र जर्मनीतल्या मुलांसाठी फार सोयीचं आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत जर्मनीत तास नसतात, आणि बासेलच्या सत्राचे जवळजवळ निम्मे आठवडे नेमके त्याच काळात येतात. एप्रिलनंतर दीड महिनाच दोन्हीकडची ओढाताण होते. अडचण एकच: जर्मनीतल्या लेखी परीक्षा आणि गृहप्रबंधांच्या मुदतीही याच सुट्टीत असतात. आधी परीक्षांच्या तारखा कॅलेंडरवर टाका, मग बासेलचा वार निवडा.

याहून सोपा मार्ग म्हणजे ब्लॉक सेमिनार. चार-पाच दिवस सलग शिकवून संपवलेला विषय. तारखा जुळण्याचा प्रश्न राहत नाही, प्रवासाचा खर्च कमी होतो. पहिल्याच खेपेला मी कुणालाही हेच सुचवतो.

फ्रान्समध्ये विषय निवडताना तो कुठल्या प्रकारचा आहे ते बघा. ‘कूर माजिस्त्राल’ म्हणजे मोठ्या सभागृहातलं व्याख्यान. ‘ते दे’ म्हणजे वीस-तीस जणांचा वर्ग, जिथे हजेरी लागते, गृहपाठ असतो आणि सत्रभर छोट्या छोट्या परीक्षा होत राहतात. जर्मनीतल्यासारखं वर्षभर दिसायचं नाही आणि शेवटी एका लेखी परीक्षेत बाजी मारायची, हे तिथे चालत नाही. दोनदा गाडी चुकली की गुण गेले.

भाषा

मास्टर्सचे इंग्रजी विषय पाचही ठिकाणी आहेत, विज्ञान-तंत्रज्ञानात जास्त. बाकी फ्रेंच वर्गात बसायचं तर बी-२ (भाषेची वरची मध्यम पातळी) लागतंच, मग तुम्ही पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला किंवा आलियाँस फ्रान्सेझला फ्रेंच शिकला असाल तरीही एकदा उजळणी करून जा. बासेलमध्ये व्याख्यान प्रमाण जर्मनमध्ये होतं, पण कँटीनच्या रांगेत स्विस जर्मन ऐकू येते. मॅक्स म्युलर भवनाचं बी-१ प्रमाणपत्र त्या क्षणी काही कामाचं नसतं. घाबरू नका, तुम्ही प्रमाण जर्मन बोललात की तेही बोलतात.

नोंदणी

हे काम प्रत्यक्षात लहान आहे. प्रत्येक विद्यापीठात युकोरसाठी एक संपर्क-व्यक्ती असते. तुमच्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागातून पलीकडच्या व्यक्तीचा पत्ता घ्या. चालू सेमिस्टरचा नोंदणीचा दाखला (आपल्याकडचं बोनाफाइडच), ओळखपत्र आणि फोटो द्यायचा, फॉर्म भरायचा. मग तिकडचं विद्यार्थी-खातं मिळतं, वाचनालय उघडतं. फ्रान्समधल्या दोन्ही विद्यापीठांत पास कँपस नावाचं विद्यार्थी-कार्ड चालतं. मुदत प्रत्येक विद्यापीठाची वेगळी आणि तीही *त्यांच्या* सत्राप्रमाणे असते, म्हणजे जर्मन डोक्याने विचार केलात तर उशीरच होणार.

विद्यापीठात नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं होत नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी. पहिल्याच तासाला शिकवणाऱ्यांना गाठून ‘मी युकोरची, मला परीक्षा द्यायची आहे आणि ट्रान्सक्रिप्ट लागणार आहे’ असं सांगून ठेवा. प्रयोगशाळा आणि मर्यादित जागांचे विषय यांत आधी त्यांच्या मुलांना प्राधान्य असतं, हेही गृहीत धरा.

भारतीय पासपोर्ट असेल तर

युकोरच्या माहितीपत्रकांचा सूर असा असतो की इथे सीमा नाहीतच. जर्मन आणि फ्रेंच मुलांसाठी ते खरं आहे. आपल्याला मात्र काही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

जर्मनीचा वैध निवासी परवाना आणि पासपोर्ट दोन्ही जवळ असतील तर फ्रान्स आणि स्वित्झर्लंडला जायला वेगळा व्हिसा लागत नाही. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, हा नियम. जर्मनीतले दिवस त्यात मोजत नाहीत. बाहेरचे मोजतात, आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परतलात तरी तो एक पूर्ण दिवस धरतात. आठवड्यातून एक वार म्हणजे सत्रात पंधराएक दिवस. त्यावर पॅरिस, रोम, ॲमस्टरडॅमचे शनिवार-रविवार धरले तरी नव्वदच्या आत राहता. फ्रान्समध्ये शिकणाऱ्याने फ्रायबुर्गला जातानाही हिशेब हाच. फक्त फ्रान्सचा लाँग-स्टे व्हिसा पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन पडताळून घेतलेला असला पाहिजे.

पूर्ण सेमिस्टर पलीकडे खोली घेऊन राहायचं असेल तर प्रकरण वेगळं. युरोपीय संघाचा २०१६चा एक निर्देश आहे, त्याखाली विद्यापीठांमधल्या करारानुसार जाणारा परदेशी विद्यार्थी दुसऱ्या सदस्य देशात ३६० दिवसांपर्यंत शिकू शकतो. पण ते आधी कळवावं लागतं, कागद लागतात, आणि स्वित्झर्लंड संघात नसल्याने तिथे हा निर्देश लागू नाही. असा बेत असेल तर काही महिने आधी आंतरराष्ट्रीय विभागात जाऊन बसा. आणि जर्मन परवान्यावर स्ट्रासबुर्गच्या एखाद्या हॉटेलात पार्टटाइम करता येईल असं मनाने ठरवू नका.

सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली. त्यामुळे परत येताना गाडीत पोलीस चढतात. मोबाइलमधला पासपोर्टचा फोटो चालत नाही, मूळ पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड लागतं. परवाना संपून नव्या कार्डाची वाट बघत असाल आणि हातात फक्त तात्पुरता कागद असेल, तर त्यावर बाहेर जाऊन परत येता येईल का हे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून लेखी घ्या, मगच सीमा ओलांडा.

विम्याची गोम तर फारच थोड्यांना माहीत असते. जर्मन सरकारी विम्याच्या कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपीय आरोग्य विमा कार्ड छापलेलं असतं. स्ट्रासबुर्गमध्ये पाय मुरगळला तर ते चालतं. बासेलमध्ये ते जर्मन मुलाला चालतं, पण युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला ते स्वित्झर्लंडमध्ये वापरता येत नाही. म्हणजे एकाच वर्गात, एकाच कंपनीचं कार्ड घेऊन बसलेल्या दोघांपैकी तुमचं चालणार नाही. स्विस दवाखान्याचं बिल काय असतं याची कल्पना असेल तर प्रवास विमा काढून ठेवा. तिशी ओलांडल्यामुळे खासगी विमा घेतलेल्यांकडे हे कार्ड नसतंच. त्यांनी आपल्या पॉलिसीत दोन्ही देश आहेत का ते वाचावं. फ्रान्समध्ये शिकणाऱ्यांना हे कार्ड आपोआप येत नाही, मागून घ्यावं लागतं. फुकट मिळतं.

मोबाइलचंही तसंच. संघातल्या देशांत रोमिंग घरच्या दरात चालतं, स्वित्झर्लंड त्यात नाही. बासेल जवळ आलं की डेटा बंद करा आणि तासापुरते विद्यापीठाच्या एड्युरोम वायफायवर राहा. एड्युरोमला पाचही ठिकाणी घरचाच पासवर्ड चालतो.

जायचं कसं

डॉइचलांड-तिकीट, म्हणजे जर्मनीभर स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांना चालणारा मासिक पास, असेल तर बासेलच्या बाडिशर बानहोफपर्यंत त्यावर जाता येतं. हे स्टेशन स्विस जमिनीवर असून जर्मन रेल्वेचं आहे. तिथून पुढे ट्रामचं तिकीट फ्रँकमध्ये. जेवणही फ्रँकमध्ये, म्हणून बासेलला जाणारी अनुभवी मुलं डबा नेतात, आणि त्यात पोळीभाजी असेल तर विद्यापीठामागच्या बाकावर बसून खायला कुणी हरकत घेत नाही.

स्ट्रासबुर्गसाठी केल गाठायचं. तिथवर जर्मन तिकीट चालतं. केल स्टेशनबाहेरून स्ट्रासबुर्गची डी ट्राम मिळते. २०१७ मध्ये ती ऱ्हाइनवर नवा पूल बांधून जर्मनीत आणली. तिचं तिकीट वेगळं काढावं लागतं. कार्ल्सरूहहून थेट जलद गाडीने स्ट्रासबुर्ग चाळीसेक मिनिटांवर आहे, पण त्याला जर्मन मासिक पास चालत नाही. फ्रायबुर्गहून म्युलूझला म्युलहाइममार्गे थेट गाड्या आहेत, मोजक्याच. परतीची वेळ बघूनच वार ठरवा. कोलमार नकाशावर फ्रायबुर्गच्या अगदी समोर दिसतं आणि म्हणून फसवतं. ब्रायझाखचा रेल्वेपूल दुसऱ्या महायुद्धात पडला, तो आजतागायत पुन्हा बांधलेला नाही. ब्रायझाखपर्यंत गाडी, पुढे बस.

प्रवासखर्चासाठी युकोरकडून थोडी मदत मिळू शकते. अर्ज *आपल्याच* विद्यापीठात करायचा, सेमिस्टरच्या सुरुवातीला. तिकिटं जपून ठेवा, ॲपमधली सुद्धा पीडीएफ करून.

ज्यांना हे आवडतं आणि एखाद्या विषयावर भागत नाही, त्यांच्यासाठी संयुक्त पदव्याही आहेत. फ्रायबुर्ग आणि म्युलूझची रसायनशास्त्राची रेजिओ किमिका ही पदवी, किंवा स्ट्रासबुर्गजवळ इल्किर्शला असलेली जैवतंत्रज्ञानाची शाळा, जिथे स्ट्रासबुर्ग, बासेल आणि फ्रायबुर्ग मिळून फ्रेंच, जर्मन, इंग्रजी अशा तीन भाषांत शिकवतात. फ्रान्स-जर्मनीच्या अशा दुहेरी पदव्यांना पैसा पुरवणारं फ्रँको-जर्मन विद्यापीठ झारब्र्युकनला आहे. त्याचा करार १९९७ मध्ये वायमारला झाला. त्याच्या यादीतून अभ्यासक्रम निवडायचा असेल तर मात्र तो भारतातून अर्ज करतानाच निवडावा लागतो, मध्येच उडी मारता येत नाही.

परीक्षा झाल्यावर

ट्रान्सक्रिप्ट आपोआप घरी येईल अशी वाट बघू नका. परीक्षा संपल्याच्या आठवड्यातच पलीकडच्या युकोर संपर्काला लिहा आणि त्यावर विषयाचं नाव, ईसीटीएस, गुण आणि गुणांची पद्धत हे चारही आहे ना ते तपासा. ईसीटीएस लिहायचे राहून गेले असतील तर लगेच दुरुस्त करून घ्या. तुमचं तिथलं खातं सत्रानंतर बंद होतं आणि मग कुणाला विचारायचं तेच कळत नाही. फ्रेंच निकाल परीक्षक मंडळाच्या बैठकीनंतरच जाहीर होतात, म्हणून मे महिन्यातल्या परीक्षेचे गुण जूनअखेरीला येऊ शकतात. थिसिस नोंदवायला तेच क्रेडिट लागणार असतील तर परीक्षा कार्यालयाला आधी कळवून ठेवा. ट्रान्सक्रिप्ट हातात आली की पहिल्या मेलमधली लेखी संमती तिला जोडून मान्यतेचा अर्ज त्याच आठवड्यात परीक्षा कार्यालयात द्या.